वीस शब्दांची यादी

निरोप समारंभाला शाल कोणत्या रंगाची आणायची, हे पराग सरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विद्युल्लताबाईंनी वहीवरून मान न उचलताच उत्तर दिलं, "कुठलीही आणा. मार्च महिन्यात शाल देणाऱ्यांनी रंगाची काळजी करू नये."

पराग सर हसले. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

एकतीस मार्चला त्या सुटणार होत्या. आदेशात 'सेवानिवृत्त' असं होतं, पण बाई मनातल्या मनात 'सुटणार' असंच म्हणत. बत्तीस वर्षं झाली होती. सुरुवातीची काही वर्षं फिरत्या विशेष शिक्षिका म्हणून गेली. खांद्याला पिशवी, पिशवीत घंटा, खुळखुळा, रंगीत मणी आणि चित्रांची कार्डं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, शिकवलेलं उमगत नाही अशी मुलं शोधत हिंडायचं. मग प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग आले. मग वाचनाची अभियानं, दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव घेऊन येणारी आणि तीच जुनी मुळाक्षरं घोकणारी. आणि शेवटची नऊ वर्षं पोशेऱ्याच्या पुढच्या करवंदपाड्यावर, दोनशिक्षकी शाळेची मुख्याध्यापिका. म्हणजे छत गळतं म्हणून अर्ज करायचे, ऑनलाइन माहिती भरायची, नेट नसलं की टेकडीवर चढून भरायची, तांदूळ आला का, गॅस आला का ते बघायचं आणि यातून जो काय वेळ उरेल त्यात शिकवायचं. गुडघे गेले होते. आवाज तर केव्हाच गेला होता. सकाळी जव्हारहून एस.टी. पकडायची, पोशेऱ्याला उतरायचं आणि पुढे पराग सरांच्या मोटारसायकलवर मागे एका अंगावर बसून यायचं, यातच अर्धा जीव संपे.

शाळेचा कार्यभार सोडायचा तर वह्या तरी तपासलेल्या असाव्यात, म्हणून त्या तिसरीच्या शुद्धलेखनाच्या वह्या घेऊन बसल्या होत्या. एका वहीपाशी त्यांचा हात थांबला. वही गौरा भोयेची होती. जानेवारीत दोन आठवडे रोज दहापैकी दहा, नाहीतर नऊ. त्याच्या आधी आणि नंतर तीन, दोन, तीन, शून्य. 'पाऊस'च्या जागी 'पाऊ', 'शेत'च्या जागी 'एत' आणि बाकीच्या ओळी कोऱ्या.

"सर, जानेवारीत असं काय झालं होतं?"

"काही नाही. हां, माझा पाय मुरगळला होता ना, तेव्हा."

"मग तुम्ही शब्द कसे सांगत होता?"

"खुर्चीत बसून. पुढे, फळ्याजवळ."

"आणि एरवी?"

"रांगांमधून फिरत फिरत. तुम्हीच सांगता ना, शिक्षकानं एका जागी खिळून बसू नये."

बाईंनी वही मिटली. त्यांना जे कळलं ते कळायला बत्तीस वर्षांची नोकरी लागत नाही, पण नऊ वर्षांची ही पोर पहिलीपासून याच शाळेत होती आणि त्यांना ते आज कळत होतं. पोर सरांचे ओठ वाचत होती. ओठ दिसले की दहा, नाही दिसले की कोरं.

"सर, तुम्हाला कधी वाटलं नाही, हिला ऐकू कमी येतं म्हणून?"

पराग सर गोंधळले. "मॅडम, तिचे उच्चार तसेच आहेत. मला वाटलं, घरची बोली. तुमचंच वाक्य आहे की."

ते वाक्य साऱ्या तालुक्याला पाठ होतं. कुठलंही प्रशिक्षण असो, बाई शेवटी उभ्या राहून सांगत, 'मुलाच्या तोंडून ळ-चा ल ऐकलात, तर त्याचे कान तपासू नका, स्वतःचे तपासा.' लोक हसत आणि लिहून घेत. निरोप समारंभाच्या फलकावर तेच छापायचं घाटत होतं, याचा वासही बाईंना लागला होता.

"बोलीत ळ-चा ल होतो, ण-चा न होतो," त्या म्हणाल्या. "पाऊसचा पाऊ कुठल्याच बोलीत होत नाही." आणि मग, सरांचा चेहरा पडलेला बघून, "चूक तुमची नाही. मी अर्धंच शिकवलं."

त्यांनी गौराला व्हरांड्यात बोलावून पाठमोरं उभं केलं. अंगणातल्या कोंबड्यांकडे बघ म्हणाल्या. मागून नेहमीच्या आवाजात हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पोर कोंबड्या बघत राहिली. मग त्यांनी खिचडीच्या पातेल्याचं झाकण फरशीवर टाकलं, तेव्हा कुठे ती वळली आणि बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. बाईंना ती नजर ओळखीची होती. चुकू नये म्हणून सतत समोरच्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या मुलाची ती नजर असते. तीन वर्षं त्या नजरेला त्या 'लाजरी पोर' म्हणत आल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी जव्हारला तपासणीचं शिबिर होतं. ठाण्याहून कान तपासणारी माणसं यंत्रं घेऊन येत, ती वर्षातून एकदाच. तिथे नाव लागलं, तर दाखला मिळणार, कानाचं यंत्र मिळणार, पुढच्या वर्गांत पुढे बसायचा हक्क मिळणार. पालकाची सही किंवा अंगठा हवा होता, आणि पालकानं सोबत यायला हवं होतं. पराग सरांनी त्याच संध्याकाळी गौराबरोबर अर्ज घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी तो तसाच परत आला, सहीची जागा कोरी, चार घड्या घातलेला.

"आई नको म्हणते," सर म्हणाले. "मी जाऊनही आलो. पोरीचे कान बेस आहेत म्हणाली आणि आत निघून गेली. पालकच तयार नसतील तर आपण काय करणार? पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कोण बघणार?"

 सरांनी स्वतःच बदलीसाठी अर्ज केला होता, आणि ते बाईंना ठाऊक होतं. बाईंच्या जागेवर वर्षभर कोणी येणार नव्हतं, तेही दोघांना ठाऊक होतं. मग गौरा चौथी संपवणार, दूरच्या आश्रमशाळेत शंभर मुलींच्या वर्गात जाणार, तिथे मागच्या बाकावर बसणार आणि एका सुट्टीत घरी येऊन परत जाणार नाही. असं होताना बाईंनी इतक्यांदा पाहिलं होतं की पुढचं त्यांना तारखेनिशी सांगता आलं असतं.

शाळा सुटल्यावर त्या गौराचा हात धरून निघाल्या. सर मोटारसायकल काढू लागले, तर नको म्हणाल्या. घर टेकाडाच्या पलीकडे होतं. उतारावर गुडघा कुरकुरायला लागला. बाईंना स्वतःचाच राग आला. सतरा दिवस उरले असताना हे सुचायचं? सतरा दिवस डोळे मिटून काढले असते, शाल घेतली असती, गुळगुळीत भाषण ठोकलं असतं आणि जव्हारला जाऊन निवांत झोपल्या असत्या. ही वही कशाला उघडली? हे सगळं खरंच वाटत होतं त्यांना, आणि पाय तरी चालतच होते.

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. गौराची आई त्यांतली काडी-कचरा वेचत बसली होती. अडतीस-एकोणचाळीसची असेल, काटक, कपाळावर गोंदण. गेल्या वर्षीच ती भिवंडीहून कायमची गावी परतली होती; त्याआधी गौरा आजीजवळ राहायची. शाळेच्या सभेला ती कधीच आली नव्हती. सभेला यायचा तो बाप, जिवा, भिवंडीच्या कामावरून सुट्टीला आला असला तर. बाईंना बघून ती उठली, खाट ओढली, तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा फुलांपाशी जाऊन बसली. गौरा दप्तर टाकून कोंबडीच्या पिल्लांमागे लागली.

"जयवंती ना तू?" बाईंनी अर्जावरचं नाव आठवून विचारलं.

"हां."

"अर्जाचं सांगायला आले. गुरुवारी जव्हारला जायचं. गाडीचं आम्ही बघतो."

"सरला सांगला ना मी. पोरीचे कान बेस आहेत."

"घरी हाक मारली की ओ देते?"

"पोर आयकत नाय, तां खरं," जयवंती म्हणाली. "लय हट्टी आहे. धा वेला सांगाय लागतं. पाठीत धपाटा दिला का मंग आयकते. पन आयकू नाय येत, तां खोटं."

"कधीकधी आपल्याला वाटतं मूल ऐकत नाही, आणि त्याला खरं म्हणजे ऐकू..."

"बाय," जयवंतीनं हातातली काडी बाजूला टाकली. "तुमी माना ओलखलं नाय?"

बाईंनी निरखून पाहिलं. बत्तीस वर्षांत किती तोंडं झाली असतील. त्यांनी मान हलवली.

"खोडाल्याच्या बाजूला टेंभपाडा. दुसरीत व्हती मी. तुमी येयाच्या, पिशवी घेऊन. तिच्यात लाल मुठीची घंटा व्हती."

घंटेची मूठ लाल होती. तेव्हाच्या मुलांखेरीज ते कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"माना ओट्यावर उभी केली, तोंड भिताडाकडं. तुमी मागं उभ्या. मी जरा वलून बघलं तं तुमी तोंडाम्होरं वही धरलेली. मंग तुमी म्हनाल तसं मी म्हनायचं." आणि ती फुलांकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणू लागली, "बाल. माल. काला. डोला. फल. पानी. कोन. शाला. केला. कनीस..."

ती थांबली नाही. बाईंना मात्र पुढचा प्रत्येक शब्द आधीच ठाऊक होता. ती यादी त्यांची होती. प्रशिक्षणात मिळालेली, निळ्या शाईनं चक्रमुद्रित केलेली वीस शब्दांची यादी. बाळ, माळ, काळा, डोळा, फळ, पाणी, कोण, शाळा, केळं, कणीस. यंत्रबिंत काही नव्हतं तेव्हा. मुलाच्या मागे उभं राहायचं, ओठ झाकायचे, हळू आवाजात शब्द म्हणायचा आणि मूल तसाच म्हणतं का बघायचं. बारापेक्षा कमी बरोबर आले की 'श्रवणदोष' लिहायचं. यादी करणाऱ्या माणसानं शब्दांची असली निवड का केली होती कोण जाणे. पण तो या डोंगरात कधी आला नसावा. आणि विद्युल्लता नावाची जव्हारच्या पेठेतली, शुद्ध बोलण्याचा भारी अभिमान असलेली सव्वीस वर्षांची बाई त्या यादीपुढे फुल्या मारत गेली होती. बाळ नाही, बाल म्हणाली, फुली. माळ नाही, माल म्हणाली, फुली.

"वीसच्या वीस आयकू आले व्हते माना," जयवंती म्हणाली. "अजून याद आहेत. तुमी काय लिवलं तां नाय याद, माना वाचाय नाय येत. पन गुरुजी बोलला, ही बहिरी आहे, हिला इचारून काय फायदा. तवापासून माना कोनी इचारलाच नाय. पोरं बहिरी बहिरी करायची. मोठी मानसं कानाशी येऊन वरडायची. मी पन मंग बोलाय नाय. चवथीत शाला सोडली."

त्या नोंदीखाली बाईंनीच सही केली होती. 

"दोनदा सोयरीक मोडली, बहिरी म्हनून. तिसरा हा जिवा आला बघाय. मी चूल फुकत व्हती. हा मागून येऊन हलूच बोलला, बहिरी आहे तं असूं दे, दिसाय बेस आहे. मी हसली." जयवंतीच्या तोंडावर ते हसू क्षणभर आलं आणि गेलं. "तुमच्यापरीस त्याची परीक्षा बेस व्हती, बाय."

"हो," बाई म्हणाल्या. "बरीच बरी होती."

पिल्लं इकडून तिकडे पळत होती. गौरा त्यांच्या मागे.

"चूक माझी होती, जयवंती. तुझ्या कानांत काही नव्हतं. माझ्या कानांत होतं."

"तुमाना कवा कललं?"

हा प्रश्न येणार हे बाईंना कळत होतं आणि तो येऊ नये असं फार वाटत होतं. कळलं होतं चार वर्षांनी, साक्षरतेच्या वर्गात. वीस-पंचवीस बाया पाटी घेऊन बसलेल्या आणि 'बाळ' वाचायला सांगितलं की एकजात सगळ्या 'बाल' वाचायच्या. बाई पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होत्या. शेवटी गोजाबाई नावाची म्हातारी वैतागून म्हणाली होती, 'आमी तेच म्हनतू, बाय. तुमानाच आयकू नाय येत.' बाया खूप हसल्या. बाईही हसल्या होत्या, आणि हसता हसता त्यांना ती वीस शब्दांची यादी आठवली होती. त्यानंतरच त्यांनी ते वाक्य तयार केलं, ज्याच्यावर तालुक्यानं टाळ्या वाजवल्या. कोणालाच न सांगता त्यांनी जुन्या वह्या काढून मोजलं होतं. 'श्रवणदोष' असं लिहिलेली बेचाळीस मुलं होती. त्यांतली खरी किती आणि ळ-ची किती, हे शोधायला त्या कधीच गेल्या नाहीत.

"चार वर्षांनी," त्या म्हणाल्या.

"मंग आल्या नाय."

"माझी बदली..." बाईंनी सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. बदली झाली होती हे खरं. टेंभपाडा तिथून सात कोसांवर होता हेही खरं. पण त्यानंतर चार वेळा आठवडी बाजाराला त्या खोडाळ्याला गेल्या होत्या, हेही खरंच होतं. "लाज वाटली. म्हणून आले नाही. नवीन शिक्षकांना शिकवलं की अशी चूक करू नका, आणि फिटलं असं धरून चालले."

जयवंतीनं फुलं हातानं पसरली, पुन्हा गोळा केली, पुन्हा पसरली.

"मंग आता तुमची चूक नाय कशावरून?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला बाईंकडे वही होती, झाकणाचा आवाज होता, बत्तीस वर्षं होती. यांतलं काहीही या अंगणात चालणार नव्हतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "तूच बघ. तुझ्या बोलीत, तुझे शब्द. मागे उभी राहा आणि बोल. पाय वाजवू नकोस आणि तिला हात लावू नकोस. एवढंच."

जयवंतीनं हातातली फुलं खाली ठेवली. मग उठली. गौरा अंगणाच्या कडेला उकिडवी बसून पिल्लाला तांदळाचे कण घालत होती. जयवंती तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभी राहिली.

"गौरे," ती म्हणाली. "पानी आन."

पोर पिल्लाशी खेळत राहिली.

"गौरे, बोरं आनलीत. खातेस काय?"

पिल्लानं तिच्या तळहातावर चोच मारली आणि ती खुदकन हसली. जयवंतीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही खूण केली नाही. जिवाला गावातून जाऊन तीन महिने झाले होते आणि त्याच्या नावानं ही पोर रोज वाट बघत पोशेऱ्याच्या रस्त्यापर्यंत जाते, हे बाईंना पुढे कळलं. जयवंतीला तेव्हाही माहीत होतं. तिनं आवाज जरा चढवला.

"गौरे. तुजा बापूस आला."

गौरा वळली नाही. तिनं उरलेले कण पिल्लापुढे ओतले, हात फ्रॉकला पुसले आणि दुसऱ्या पिल्लाकडे सरकली.

जयवंती पुढे जाऊन तिच्यासमोर बसली. पोरीनं लगेच वर पाहिलं, आईच्या तोंडाकडे. जयवंतीनं तिचे दोन्ही कान हातांत घेतले, कुस्करायला घेतात तसे नव्हे, नुसते झाकले. "मी मारायची हिला," ती म्हणाली. ते गौराला नव्हतं, बाईंनाही नव्हतं. "आयकत नाय म्हनून मारायची."

बाईंना त्या वेळी जे वाटलं त्याला दमणूक हा शब्द फार लहान आहे. असं वाटलं की आयुष्यभर आपण एकाच दारातून आत-बाहेर करत राहिलो, एकदा ऐकू येणाऱ्याला बहिरं ठरवलं आणि एकदा बहिऱ्याला ऐकू येणारं, आणि दोन्ही वेळा पावती आपल्याच हातची. त्यांनी पिशवीतून घड्यांचा अर्ज काढून खाटेवर ठेवला. जयवंतीनं तो पाहिला आणि अंगठा पुढे केला.

गुरुवारी जव्हारच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं आली होती, कडेवर, पाठुंगळी, काठी टेकत. कानांच्या टेबलापाशी किमया नावाची चुणचुणीत मुलगी बसली होती, ठाण्याहून आलेली. तिनं गौराच्या कानांवर मोठे काळे फोन चढवले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाब म्हणून खुणेनं समजावलं. गौरा बटण धरून बसली. पडद्यावरच्या रेघा खाली खाली उतरत गेल्या. बटण दाबलं गेलं ते फार उशिरा आणि फार थोड्या वेळा.

"दोन्ही कानांत बरंच कमी आहे," किमया म्हणाली. "लहानपणापासून असावं. ही बोलते कशी याचंच आश्चर्य आहे. हुशार आहे पोरगी. यंत्र बसवलं की खूप फरक पडेल. साच्याचं माप घेते. यायला दीड-दोन महिने लागतील."

दोन महिन्यांनी मे उजाडणार होता. बाईंनी हिशेब केला आणि रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या पराग सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मी आणीन, मॅडम. बदली झाली तरी आणीन." बाईंना ते खरं वाटलं. वाटून घ्यायलाच हवं होतं.

किमयानं फॉर्म पुढे ओढला. "घरात आणखी कोणाला कमी ऐकू येतं का? आईला, वडलांना?"

 जयवंतीनं बाईंकडे बोट केलं. "तां बायला इचारा. त्यांनी लिवलेलं आहे."

रांगेतल्या बायका बघायला लागल्या. तालुक्यातले चार शिक्षक तिथेच उभे होते, ज्यांनी बाईंचं वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

"कोणालाही नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता म्हणून त्यांना जोर लावावा लागला. "हिच्या आईच्या नावावर लहानपणी श्रवणदोषाची नोंद झाली होती. ती चुकीची होती. मी केली होती."

किमया लिहायची थांबली, तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि 'नाही'वर खूण केली. ती पुढच्या नावाला हाक मारणार, एवढ्यात जयवंती गौराला खुर्चीतून उठवून स्वतः बसली.

"आता माजे बघा," ती म्हणाली.

"ताई, हे शिबिर मुलांसाठी आहे."

"मी दुसरीत व्हती तवा बघलेले. तेच बघा परत."

किमयाला काही कळलं नाही. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात जोडले, नमस्कारासारखे नव्हे, 'एवढं कर' म्हणायला जोडतात तसे. किमयानं खांदे उडवले आणि फोन जयवंतीच्या कानांवर चढवले.

जयवंतीनं डोळे मिटून घेतले. बटण दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. आवाज बाहेर कोणालाच ऐकू येत नव्हते. फक्त तिचा अंगठा हलताना दिसत होता. दाबला, सोडला. दाबला, सोडला. एकदाही चुकला नाही. एकदा तर इतका बारीक आवाज असणार की किमयानं भुवया उंचावल्या, आणि तरी अंगठा दाबला गेला. गौरा शेजारी उभी राहून आईचा अंगठा बघत होती.

छापून आलेला कागद किमयानं पुढे केला. जयवंतीनं तो घेतला, उलटा आहे की सुलटा ते पाहिलं, मग बाईंच्या हातात दिला.

"वाचा, बाय. माना वाचाय नाय येत."

का येत नाही, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. बाईंनी चष्मा पुसला. कागद टेबलावर ठेवून त्यांनी वाचला. "उजवा कान, श्रवण सामान्य. डावा कान, श्रवण सामान्य."

जयवंती खुर्चीतून हलली नाही. तिची पाठ ताठ होती. मागे उभ्या असलेल्या बाईंकडे न वळता, समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली,

"परत वाचा. माना आयकू नाय आलं."

बाईंनी घसा खाकरला, कागद हातात घेतला आणि पुन्हा वाचलं. या वेळी रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, पहिल्यापासून, तिच्या नावासकट.